ऑर्गनवर कोण आहे

३ ऑगस्ट, रवि.

वैशू सकाळी आली, दुपारच्या एस.टी.ने चिपळूणला परत. जाताना पुन्हा तेच. आई, तिकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. माझंही तेच उत्तर, आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास आहे, तो संपू दे. विहारात दर रविवारी वाचन असतं, वंदनेला पेटी धरायला दुसरं कोणी नाही. ती म्हणाली, मागच्या वर्षीही वर्षावासच होता.

ती गेल्यावर कपाट उघडून ह्यांच्या रेकॉर्डी पुसल्या. या हवेत आठ दिवस हात लावला नाही की कव्हरांना बुरशी धरते. आत बल्ब लावून ठेवलाय, तरी.

संध्याकाळी फिटरला निरोप आलाय. लंडनहून, कुणी बाई आहे. लांबलचक. उद्या वाचते.

४ ऑगस्ट, सोम.

निरोप तीनदा वाचला. आधी तसाच, मग मोबाइलवर मराठी करून, मग पुन्हा तसाच.

फिटर म्हणजे हे. हे कधी इथे लिहिलं नव्हतं, आज लिहून ठेवते. बोटीवर फिटर होते, म्हणून त्या ग्रुपवर तेच नाव घेतलं होतं. जुन्या रेगे रेकॉर्डींचा ग्रुप. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जमैकात निघालेल्या रेकॉर्डी, लेबलवर गाणाऱ्याचं नाव असतं, वाजवणाऱ्यांचं नसतं. ढोल कोणाचा, गिटार कोणाची, ऑर्गनवर कोण, ते ऐकून ओळखायचं. जगभरातली म्हातारी माणसं आहेत, बसून हेच करतात.

हे गेले त्याला एप्रिलमध्ये चार वर्षं झाली. ग्रुपवर सांगायचं राहून गेलं. मग एकदा कुणीतरी फिटरला काहीतरी विचारलं. मी रेकॉर्ड लावून ऐकलं आणि उत्तर दिलं. उत्तर बरोबर निघालं. त्यानंतर सांगायला तोंड राहिलं नाही. चार वर्षं मी फिटर आहे. हे चार शब्दांत लिहायचे. मी पंचायत समितीत कारकुनी केलेली, माझं इंग्रजी सरकारी पत्राचं. दहा ओळी लिहिते आणि सहा खोडते.

बाईचं नाव पॉलीन. तिचे वडील हबर्ट, वय चौऱ्याऐंशी, लंडनमध्ये वृद्धाश्रमात. ते आयुष्यभर सांगत आले की एका रेकॉर्डवर ऑर्गन त्यांनी वाजवलाय. घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. आता ती रेकॉर्ड इंग्लंडमधल्या एका कंपनीने पुन्हा काढलीय आणि कव्हरवर ऑर्गनपुढे क्लिफर्ड म्हणून दुसऱ्याचंच नाव आहे. तिने कंपनीला विचारलं. त्यांनी कळवलं की रत्नागिरीच्या फिटरने ओळखलंय, त्यांना विचारा.

म्हणून ती विचारतेय. तुम्ही कशावरून ठरवलंत.

५ ऑगस्ट, मंगळ.

ते कव्हर बाहेरच्या खोलीत शोकेसमध्ये आहे, वैशूच्या पदवीच्या फोटोशेजारी. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आभार, त्यात शेवटून दुसरं नाव. एस. जाधव, रत्नागिरी. सात वर्षांपूर्वी पार्सल आलं त्या दिवशी हे भर उन्हात मारुती मंदिरापर्यंत चालत गेले, सलूनवाल्याला दाखवायला. सत्तावीस वर्षं समुद्रावर काढली, त्या माणसाचं नाव तेवढं एकाच ठिकाणी छापलं गेलं.

पॉलीनला लिहिलं, थोडा वेळ द्या, पुन्हा ऐकून सांगते. इंग्रजीत सांगते-सांगतो काही नसतं, ते एक बरं आहे.

९ ऑगस्ट, शनि.

रोज ऐकतेय. सकाळी आणि दुपारी.

लग्न झालं तेव्हा हे गाणं मला गाणंच वाटत नव्हतं. ठेका पडायला हवा तिथे पडत नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. हे सुट्टीवर आले की रेकॉर्ड लावायचे, मी दार लोटून घ्यायचे. तीन महिने तो आवाज, मग नऊ महिने शांत. हे गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात मात्र शांतता सोसेना म्हणून स्वतःच लावली. तेव्हा कळलं की तो ऑर्गन खाली मंद आचेवर उकळत असतो, आणि सगळं गाणं त्याच्यावर तरंगतं. पेटीवाल्या बाईला हे तीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. ह्यांच्या शेजारी बसून ऐकलं असतं तर कळलंही असतं.

या रेकॉर्डमध्ये मधे गाणारा थांबतो आणि ऑर्गन एकटा येतो. थोडाच वेळ. सगळं भांडण त्या तुकड्याचं आहे.

१४ ऑगस्ट, गुरु.

त्या तुकड्यात उतरताना एक सूर मागे राहतो. प वरून खाली येताना म केसभर उशिरा. दर वेळी. वाटलं, त्याला तो सूर आवडत असेल, रेंगाळत असेल.

दोनदा लाइट गेली. पुढचं उद्या.

१६ ऑगस्ट, शनि.

सूर नाही, बोट आहे.

पुढे त्याचा हात वर सरकतो. तिथे म अगदी वेळेवर आणि नी उशिरा. पेटी काढून बसले, त्याच्याबरोबर वाजवून पाहिलं. हात कुठेही नेला तरी मागे राहणारा सूर अनामिकेखालीच येतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींचं एकेक बोट असंच मागे राहायचं, मी डोळे मिटून सांगायचे कुठलं ते. तसंच. फक्त हा माणूस शिकाऊ नाही. त्याने त्या बोटाशी जमवून घेतलंय.

मग क्लिफर्डच्या रेकॉर्डी लावल्या. कपाटात चार आहेत, त्यांवर त्याचं नाव छापलेलं आहे, शंकाच नाही. त्याची पाचही बोटं सारखी.

परत परत लावल्या. जेवायचं राहिलं.

१७ ऑगस्ट, रवि.

विहारातून आल्यावर ह्यांची वही काढली. कुठली रेकॉर्ड, कोण वाजवतंय, कशावरून, सगळं त्यात लिहायचे. सात वर्षांपूर्वीचं पान सापडलं.

"ऑर्गन क्लिफर्डच. सुमनला ऐकवलं, तिलाही तेच वाटतं. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला. नक्की."

मला आठवतंय. मी बांगडे साफ करत होते. ह्यांनी दोन-तीन हाका मारल्या, मग मी तशीच दारात जाऊन उभी राहिले. ऐक, क्लिफर्डच ना हा? मी म्हटलं, हो, तोच असेल. ऐकलं नव्हतं. मासे ओट्यावर होते, मांजराची भीती होती, आणि ह्यांचं ते रोजचंच होतं.

त्यांनी नक्की असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

२० ऑगस्ट, बुध.

दोन दिवस काही लिहिलं नाही. वही होती तिथे ठेवली.

पॉलीनला एकच विचारलं, वडील अजून वाजवतात का? वाजवत असतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. काहीही चालेल. का ते सांगितलं नाही.

२७ ऑगस्ट, बुध.

खाली गणपती आले. बिल्डिंगमधल्या बंद दोन खोल्यासुद्धा उघडल्या, मुंबईची माणसं भरलीत. तळमजल्याच्या वहिनी माझ्या चार खुर्च्या घेऊन गेल्या. ये म्हणाल्या आरतीला, दरवर्षी म्हणतात. जात नाही, पण म्हणतात ते बरं वाटतं. आज त्यांनी विचारलं, एकटीच बोलत असतेस काय गो घरात? म्हटलं, नाही, रेकॉर्ड असते.

खरं तर बोलते.

पॉलीनचं काही नाही.

१ सप्टेंबर, सोम.

पॉलीनने पाठवलं. दीड मिनिट. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये साधा कीबोर्ड, मागे कुणीतरी खोकतंय, टीव्ही चालू आहे. हबर्ट चर्चचं कुठलंतरी गाणं वाजवतात. हळू. विसरतात, थांबतात, पुन्हा पहिल्यापासून. थरथर आहे. ऐकून ओळखावं असं ते वाजवणंच राहिलेलं नाही.

पण उतरताना अनामिका मागे राहते.

कानाला फोन लावून, डोळे मिटून, किती वेळा ऐकलं माहीत नाही. मग तिला विचारलं, तुझ्या वडिलांच्या उजव्या हाताच्या चौथ्या बोटाला काही झालं होतं का? लगेच उत्तर आलं. लहानपणी दारात सापडून मोडलं होतं, वाकडंच जुळलं. तुम्हाला कसं कळलं?

फोन उलटा ठेवून मागच्या बाल्कनीत जाऊन बसले. आनंद व्हायला हवा होता, एवढं अचूक ओळखलं म्हणून. कुणाला सांगणार.

७ सप्टेंबर, रवि.

वैशू आली होती. पौर्णिमा, विहारात बरोबर आली, मागे बसली. घरी आल्यावर सगळं सांगितलं. रेकॉर्ड ऐकवली, म्हाताऱ्याचं ऐकवलं. तिला फरक कळला नाही. फिटर म्हणून मी लिहिते हेही तिला पहिल्यांदाच कळलं. मग म्हणाली, आता काय करणार?

म्हटलं, ग्रुपवर आणि कंपनीला कळवणार. चुकलं म्हणून.

"बाबांचं नाव जगात एका ठिकाणी छापलंय आई. तेही तू पुसणार?"

मी म्हटलं, नाव आभारात आहे, आभार राहतील.

"चुकीचं सांगणाऱ्याचे आभार कोण मानतं?"

मी तिला वहीतलं पान दाखवलं. बांगड्यांचं सांगितलं. तिने वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, मग चूक तुझी होती, आणि आता तू त्यांची म्हणून सांगणार आहेस.

चारच्या गाडीने गेली. पोचल्याचा फोन नाही. मीही केला नाही.

११ सप्टेंबर, गुरु.

ती बोलली ते बरोबर आहे. मग सगळंच सांगायला हवं.

१४ सप्टेंबर, रवि.

पाठवलं. तीन दिवस लागले लिहायला. आधी इंग्रजीत लिहीत होते, नीट होईना. मग मराठीत लिहिलं, मग त्याचं केलं. फिटर चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासूनची उत्तरं मी दिली, मी त्यांची बायको, सुमन जाधव. त्या रेकॉर्डचा ऑर्गन क्लिफर्डचा नाही, हबर्टचा आहे, त्याची कारणं. आणि फिटरनी क्लिफर्ड म्हटलं ते मी न ऐकता होकार दिला म्हणून. तेच कंपनीलाही.

विहारात वंदनेला दोनदा पट्टी चुकले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१५ सप्टेंबर, सोम.

वाटलं होतं शिव्या पडतील, किंवा काढून टाकतील.

ह्यांच्यासाठी निरोप येताहेत. सकाळपासून. चार वर्षांपूर्वी यायचे ते आज. एकाला ह्यांनी रत्नागिरीचा पाऊस कसा असतो ते लिहिलं होतं, त्याने ते जपून ठेवलंय, त्याने मला पाठवलं. मला कधी एवढं लिहिलं नाही. बोटीवरून पत्र यायचं त्यात तब्येत सांभाळ आणि वैशूच्या अभ्यासाकडे बघ, बस.

ब्रिस्टलचा एक म्हातारा आहे, ग्रुपमधला सगळ्यात जुना. त्याने लिहिलं: "फिटरची उत्तरं एकदम लांब झाली, तेव्हाच वाटलं होतं काहीतरी घडलंय. विचारायचा धीर झाला नाही."

म्हणजे त्याला चार वर्षं माहीत होतं. माझ्यासारखाच गप्प बसला.

हे गेले तेव्हा लॉकडाउनमुळे दहा माणसांनाही यायला परवानगी नव्हती. तेव्हा रडले होते का आठवत नाही. आज भात लावता लावता रडले.

१८ सप्टेंबर, गुरु.

ऑर्गनबद्दल मात्र दोन तट. काही म्हणतात पटतंय. ब्रिस्टलवाला म्हणतो, बोट ऐकू येत नसतं, ती तुमची कल्पना. एवढ्या जुन्या रेकॉर्डवर एक सूर उशिरा येणं कशानेही होईल, मूळ रेकॉर्डिंगची फीत ताणली गेली असेल. सभ्यपणेच म्हणाला. मी उत्तर दिलं, फीत ताणली तर बाकीचे वाजवणारेही मागे पडतील. त्याने मानलं नाही.

कंपनी गप्प.

वैशूला फोन केला. शाळेतलं बोलली, गाडी चुकली ते बोलली. ऑर्गनचं दोघींनी टाळलं.

२ ऑक्टोबर, गुरु.

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात मोठा कार्यक्रम. कुणीतरी मुलांना सांगत होतं, या बाई पेटी किती वर्षं वाजवतात विचारा. मुलांनी विचारलं. मलाच सांगता येईना.

पॉलीनचा निरोप, शनिवारी व्हिडिओवर बोलाल का. वडिलांशी तुमची भेट घालून द्यायचीय. आणि रेकॉर्ड त्यांना तुमच्यासमोर ऐकवायचीय. त्यांच्या तोंडून आलं की कंपनीलाही ते रेकॉर्डिंग पाठवता येईल.

कधी नव्हे ती निळी साडी इस्त्रीला काढली. फिटर बाईमाणूस आहे हे दाखवायला नव्हे. हबर्टना भेटायचं म्हणून.

४ ऑक्टोबर, शनि.

संध्याकाळी साडेसहाला फोन. तिकडे दुपार.

पॉलीन साठीची असेल, केस पांढरे, चष्मा. हसली की आधी डोळे हसतात. मला मिसेस जाधव म्हणत होती. हबर्ट खिडकीजवळ खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण. बारीक झालेले, पण खांदे रुंद, कधीकाळी उंच असणार. हात पांघरुणावर.

पॉलीनने त्यांना सांगितलं, या भारतातून बोलताहेत. त्यांनी मला विचारलं तिथे पाऊस आहे का. म्हटलं, थांबत आलाय. म्हणाले इथे चालू आहे. बराच वेळ पावसाबद्दलच बोललो. मला त्यांचं निम्मं इंग्रजी कळत नव्हतं, त्यांना माझं, पण चाललं होतं.

मग तिने रेकॉर्ड लावली. ते ऐकत होते. मान हलत होती, अगदी ठेक्यावर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये. गाणारा थांबला आणि ऑर्गन एकटा आला, तेव्हा पांघरुणावरचा उजवा हात चालायला लागला. मी वाकून बघत होते. पॉलीनचा फोन हलत होता, बोटं धड दिसली नाहीत.

तुकडा संपला. म्हणाले, "छान वाजवतोय. कोण आहे हा?"

पॉलीन म्हणाली, डॅडी, तुम्हीच आहात.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शांतपणे. रागाने नाही. "मी असतो तर मला आठवलं असतं."

तिने पुन्हा लावली. ते पुन्हा म्हणाले, छान आहे. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं.

पॉलीन खोलीबाहेर आली, तिथून बोलली. आयुष्यभर सांगत होते, तेव्हा आम्ही ऐकलं नाही. आता ऐकायला बसलो तर. तिने वाक्य पूर्ण केलं नाही. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, इंग्रजीत एवढं मऊ काही येत नाही. मी नुसती समोर बसून राहिले. तीही. फोन कुणीच ठेवत नव्हतं.

शेवटी म्हणाली, तुम्हाला मात्र खात्री आहे ना?

हो म्हटलं. या वेळी ऐकून म्हटलं.

६ ऑक्टोबर, सोम.

वर्षावास संपला. वैशूने फोन करून नेमकं तेच विचारलं. आता? म्हटलं, बघते. ती म्हणाली, येताना रेकॉर्ड प्लेअर आणलास तरी चालेल, घरात कुणाला त्रास नाही. तिने त्याचा विषय काढला, एवढ्यानेच बरं वाटलं. मग हळूच विचारलंन, त्या बाईचे वडील कसे आहेत. सांगितलं.

अजून ठरवलेलं नाही. इथे आता रविवारची पेटीही नाही.

९ ऑक्टोबर, गुरु.

पॉलीनने शनिवारच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग कंपनीला पाठवलं. जसंच्या तसं, त्यांच्या नाही म्हणण्यासकट. मला विचारलं होतं, कापू का तेवढं. मी म्हटलं, नको.

म्हटलं खरं. नंतर दिवसभर हात कामाला लागेना.

१५ ऑक्टोबर, बुध.

कंपनीचं उत्तर आलं. मला आणि पॉलीनला एकत्रच. भाषा गोड आहे. तुमच्या कष्टांबद्दल आभारी आहोत. फिटर गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. क्लिफर्डबद्दल शंका आहे हे मान्य, म्हणून नव्या छपाईत त्याचं नाव काढत आहोत. परंतु हबर्ट यांनी स्वतःच नाकारल्यामुळे त्यांचंही घालता येत नाही. ऑर्गनपुढे 'अज्ञात' असं छापू. आभारात मिस्टर जाधवांचं नाव ठेवायचं, की तुमचं घालायचं, की दोन्ही नकोत, शुक्रवारपर्यंत कळवा, मजकूर छापायला जातोय.

पॉलीनकडून त्यावर एक अक्षर नाही. सकाळपासून दोनदा पाहिलं. वृद्धाश्रमात गेली असेल.

वैशूला फोन लावला, ती तासावर होती, उचलला नाही.

दुपारी जेवण आटोपून कंपनीला उत्तर लिहायला बसले. ऑर्गन वाजवणारा अज्ञात नाही, हे पहिलं वाक्य लिहिलं. पुढचं येत नाही. तो माणूस स्वतः नाही म्हणतो आणि हजारो मैलांवरून मी हो म्हणते, यावर कागदावर काय लिहायचं असतं?

आता पाच वाजलेत. अजून ते एकच वाक्य आहे.